फेडर खाली असताना

जानेवारीत सकाळी सव्वासहाला नाशिकच्या गंगापूर रोडवर धुकं असतं आणि स्टुडिओचं कुलूप हाताला झोंबतं. आमचा सकाळचा कार्यक्रम सातला सुरू होतो. शुक्रवारी नामवंत पाहुणे येतात आणि त्यांच्यासोबत खरीखुरी वाद्यं असतात, त्यामुळे त्या दिवशी मला पाऊण तास आधी पोचावं लागतं. मी पॅनलवर बसतो. माइक, गाणी, जाहिराती, फोन हे सगळं ज्या सरकत्या पट्ट्यांनी वरखाली होतं, ते फेडर दिवसभर माझ्या बोटांखाली असतात.

त्या शुक्रवारी तबलावादक दादा माझ्याही आधी येऊन दाराशी उभे होते. आत आल्यावर त्यांनी तबला-डग्गा पिशवीतून काढून चुंबळींवर ठेवले आणि वीस मिनिटं हात लावला नाही. बाहेरच्या दमट गारव्यातून तबला एसीच्या कोरड्या खोलीत आला की चामडं ताणतं, सूर हळूहळू चढत जातो. आल्या आल्या लावलेला तबला पहिल्या गाण्याच्या मध्यावर पेटीशी भांडायला लागतो. म्हणून आधी त्याला खोलीची सवय होऊ द्यायची. दादा तोवर हात मफलरमध्ये गुंडाळून बसतात, कारण गार बोटांनी चाट, म्हणजे तबल्याची कड, नीट वाजत नाही.

पाहुण्या सातला दहा मिनिटं असताना आल्या. नाटकात आणि मालिकांत गाजलेल्या अभिनेत्री, गळाही चांगला तयार. रात्री कालिदास कलामंदिरात त्यांचा प्रयोग होता. त्यांचं नाव मी इथे घेत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्याची सुरुवात माइक बंद असताना झाली आणि ते बोलणं त्यांचं आहे. त्यांनी कोमट पाणी मागितलं, दोन ओळी गुणगुणल्या आणि म्हणाल्या, "दादा, माझी काळी चार, पण आज पांढरी पाच करूया का? आवाज अजून उठला नाही."

शेजारी बसलेल्या पेटीवाल्यांसाठी ही अर्धा सूर खाली, एका बोटाची सरक. तबल्यासाठी मात्र सगळं काम पहिल्यापासून. दादांनी हातोडी घेतली आणि वादीखालचा एकेक लाकडी गट्टा खालून ठोकून वर सरकवला, वादी सैल केली. आठ गट्टे झाल्यावर पुडीभोवतीच्या गजऱ्यावर बारीक ठोके देत सोळाही घरं तपासली. एक घर सारखं चढं बोलत होतं. दादा कान जवळजवळ पुडीला टेकवून चाटेवर एक बोट मारायचे, गजऱ्यावर अर्धा ठोका द्यायचे, पुन्हा बोट मारायचे. हातोडीचा आवाज माइकमध्ये जाऊ नये म्हणून मी एकामागे एक दोन ध्वनिमुद्रित गाणी लावली. श्रोत्यांना वाटलं असेल, आज गाणी जरा जास्तच आहेत.

सकाळच्या कार्यक्रमाचा प्रत्येक तास आखलेला असतो. गाणं, मग आरजेची लिंक, मग जाहिरातींचे स्पॉट, मग पाहुण्यांशी बोलणं, पुन्हा गाणं. आमची आरजे या चौकटीत सहज वावरते, पण तिची खरी हुशारी मला बसण्याच्या जागेत दिसते. पाहुणा माइकशी बोलत नाही, समोरच्या माणसाच्या डोळ्यांशी बोलतो. म्हणून ती पाहुण्याचा माइक मुद्दाम आपल्या आणि त्याच्या नजरेच्या मध्ये येईल असा लावते, किंचित तिरका, म्हणजे 'प', 'फ', 'भ'ची फुंकर थेट आत जात नाही. पाहुणा तिच्याकडे बघतो आणि आवाज बरोबर माइकमध्ये पडतो.

तरी पहिला तासभर कोरडाच गेला. नवं नाटक, दिग्दर्शकांचं कौतुक, नाशिकचा प्रेक्षक किती चोखंदळ. प्रत्येक शहरात, प्रत्येक केंद्रावर दिलेली ही उत्तरं असतात. ती खोटी नसतात, पण वापरून गुळगुळीत झालेली असतात. इतकी वर्षं पॅनलवर बसून माझी खात्री झाली आहे की पाहुण्याचं खरं बोलणं फेडर खाली असताना होतं. गाणं सुरू झालं, लाल दिवा विझला की खांदे उतरतात, आवाज अर्ध्या पट्टीने खाली येतो आणि माणूस बोलायला लागतो. ते बोलणं पाहुण्याच्या मर्जीने, त्याला न दुखावता हवेवर आणणं, हेच आमचं काम असं मी मानतो. 'मर्जीने' हा शब्द मी जपून लिहितो. पूर्वी एका केंद्रावर असताना माझ्या बोटाची चूक झाली आणि एका पाहुण्यांचं वडिलांच्या आजारपणाबद्दलचं खासगी वाक्य चार सेकंद प्रसारित झालं. त्यांनी मला माफ केलं, पण तेव्हापासून लाल दिवा विझल्याचं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कुणाला 'आता मोकळं बोला' अशी खूण करत नाही.

आठ वाजून अठरा मिनिटांनी स्पॉट सुरू झाले. पाहुण्या ताईंनी पाण्याचा घोट घेतला आणि स्वतःशीच काहीतरी म्हणायला लागल्या. ठेका नव्हता, चाल मोजून चार-पाच सुरांत फिरणारी. आरजेने विचारलं, "हे काय, ताई?" त्या म्हणाल्या, "आजीची ओवी. सिन्नरकडची माझी आजी. पहाटे जात्यावर बसायची. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली असायचे, जातं फिरलं की मांडी हलायची." मग त्या आजीबद्दल बोलत राहिल्या आणि पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात नाटकाचा न-सुद्धा नव्हता.

इथे नवखा माणूस हमखास म्हणतो, "हेच हवेवर सांगा ना!" आणि ते तिथेच संपतं. दुसऱ्यांदा सांगितलेली आठवण पाठांतर होते. आमची आरजे गप्प राहिली. फक्त पेटीवाल्यांना खुणेने नुसता षड्ज धरायला सांगितलं आणि दादांकडे बघून तळहात खाली केला, म्हणजे तबला नको. लाल दिवा लागला. तिने विचारलं, "ताई, आजी किती वाजता उठायच्या?" एवढंच. उत्तर देता देता ताई जात्यापाशी पोचल्या आणि ओवी आपोआप आली.

मी फेडर थोडा वर घेतला, कारण त्या अगदी हळू म्हणत होत्या. श्वासही ऐकू येत होता आणि तो मला हवाच होता.

सकाळी रेडिओवर गाणं लागण्याच्या कितीतरी आधीपासून महाराष्ट्राच्या सकाळींत गाणं होतंच, आणि ते बाया दळताना म्हणत होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या ओवीसंकलनाच्या प्रकल्पात अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. घरोघरी गिरणीचं पीठ आलं तशी गाण्याची ती वेळ आणि तो ताल दोन्ही गेले. सकाळची ती रिकामी जागा पुढे रेडिओने बऱ्यापैकी भरली. पुणे आकाशवाणीने १ एप्रिल १९५५ला, रामनवमीला, सकाळी 'गीतरामायण' सुरू केलं. सीताकांत लाडांची कल्पना, माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत. वर्षभर दर आठवड्याला नवं गाणं, एकूण ५६. लोक रेडिओसंचाला हार घालून ऐकायला बसत असं सांगतात. त्या रामकथेतली पंचवटी आमच्या स्टुडिओपासून थोड्याच अंतरावर.

ओवी संपली आणि फोनचे सगळे दिवे पेटले. एरवी सकाळी फोन येतात ते सातपूर-अंबडच्या कंपन्यांत निघालेल्यांचे, दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत काम करणाऱ्या मुलींचे. मोबाइलच्या रेडिओला इअरफोनची तारच अँटेना म्हणून लागते, त्यामुळे बागेत काम करतानाही ती तार त्यांच्या गळ्यात असते. या वेळी मी उचलला तो फोन एका म्हाताऱ्या बाईंचा होता. "त्या पोरीला सांगा, ओवी अर्धीच म्हटली तिनं. पुढची मला येते." मी म्हटलं, "आजी, आधी तुमच्या रेडिओचा आवाज बंद करा." हे आम्हाला प्रत्येकाला सांगावं लागतं, नाहीतर त्यांचाच आवाज फिरून फोनमध्ये येतो. आजींना बटण सापडेना, शेवटी नातवाने रेडिओ बाहेर नेला.

फोनवर आणि स्टुडिओत एकाच वेळी गाता येत नाही. फोनचा आवाज क्षणभर मागे पडून पोचतो, दोन गळे एकमेकांवर आदळतात. सुरेल जुगलबंदी फोनवर होत नाही, हे मी कित्येक हौशी श्रोत्यांना समजावलं आहे. पण ओवीला ती अडचणच नव्हती. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात, एकीने ओवी टाकली की दुसरीने उचलायची, मधे जातं फिरत राहतं. आजींनी ताईंची ओवी संपू दिली, थांबल्या आणि आपली सुरू केली.

सूर वेगळाच होता. पेटीवाल्यांनी भाता अगदी हळू दाबत एकेक पट्टी चाचपली. पांढरी पाच नाही. पांढरी चार नाही. खाली येत येत काळी दोनवर बोट थांबलं आणि आजींच्या सुराला मिळालं. मग ताईंची पाळी आली तेव्हा त्यांनी आपली पट्टी सोडली आणि आजींच्या पट्टीत, खर्जाच्या बाजूला, जरा घसा खरवडत म्हटलं. दादा हातोडी मांडीवर ठेवून डोळे मिटून बसले होते.

घड्याळात आठ एकतीस. जाहिरातींची वेळ होऊन गेली होती. काचेपलीकडून आरजेने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि स्पॉटच्या फेडरवरचं बोट काढून घेतलं.

कार्यक्रम संपल्यावर नोंदवहीत लिहायचं असतं, काय ठरल्यापेक्षा उशिरा गेलं आणि का. मी लिहिलं: '८.३०चे स्पॉट ८.३६ला. कारण: ओवी.' खाली सही केली.