शाकारणी आणि शाकारणारा
पुण्यास वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील लोणावळ्यास ४,००० च्या आसपास. म्हणून मावळात घराची डागडुजी वैशाखातच उरकावी लागते. फुटकी कौले व कुजलेल्या रिपा बदलाव्यात, पन्हळीतला पाचोळा काढावा, नैर्ऋत्येच्या भिंतीचा गिलावा आधी पाहावा. झड तिकडूनच येते. हे सर्वांस ठाऊक आहे. पण छपरावर चढणाऱ्याचे काय, असे आम्ही कामगारांत वावरणारे विचारतो. जुना सिमेंटचा पत्रा ठिसूळ असतो. पाय पडताच फुटतो. दोन वाशांवर टेकेल अशी फळी टाकावी, गड्याच्या कमरेचा दोर पक्क्या तुळईस बांधावा, मगच त्यास वर जाऊ द्यावे. आपले घर कोरडे राहावे म्हणून त्याचे घर उघडे पडता कामा नये.