तीसही रोजे पूर्ण? मग लेकीशी एकदा बोला

मुलगी वयात आली की तिच्यावर रमजानचे रोजे फर्ज, म्हणजे बंधनकारक होतात. घरात तिचे कौतुक होते, सहरीला आई प्रेमाने उठवते. मात्र थायरॉइड, पीसीओएस आणि टाइप वन मधुमेह हे विकार अनेक मुलींमध्ये याच वयात दिसू लागतात.

पाळीच्या दिवसांत स्त्रीला नमाज आणि रोजा माफ आहे. सुटलेले रोजे रमजाननंतर भरून काढायचे, त्याला कजा म्हणतात. त्यामुळे लेकीने एकही रोजा सोडला नाही, तर दोन शक्यता उरतात. एक तर भावांसमोर लाज वाटते म्हणून ती पाळी लपवते आहे, किंवा त्या महिन्यात पाळी आलीच नाही. पाळी सुरू झाल्यानंतर पहिली एक-दोन वर्षे ती मागेपुढे होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण तीन महिने पाळी आली नाही, चेहऱ्यावर दाट केस किंवा खूप मुरुमे आली, मान काळवंडली, तर डॉक्टरांना दाखवायला हवे. ही पीसीओएसची, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडाची लक्षणे असू शकतात. अशा मुलीसाठी इफ्तारला रोज भजी, समोसे आणि गोड सरबत बरे नव्हे.

दुसरा विकार हाशिमोटो. 1912 मध्ये हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीवर हल्ला करते. मुलगी सुस्त होते, केस गळतात, थंडी सोसत नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही. घरचे तिला आळशी म्हणतात. टीएसएच ही रक्ततपासणी केली की निदानाची दिशा मिळते. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची असते. रमजानमध्ये ती सहरीच्या अर्धा तास आधी किंवा इफ्तारच्या जेवणानंतर तीन-चार तासांनी घेता येते. वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी, गोळी मात्र बंद करू नये.

सर्वांत जपायचे ते टाइप वन मधुमेहाला. यात प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. इन्सुलिन आयुष्यभर घ्यावे लागते. अशा मुलीने रोजा ठेवणे धोक्याचे असते. तरीही तिने डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवलाच, तर साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर जाताच तो सोडायला हवा. साखर तपासण्यासाठी बोट टोचल्याने रोजा तुटत नाही, असे उलेमा सांगतात.

पवित्र कुरआनच्या सूरह बकरामध्ये, आयत 184 आणि 185 मध्ये, आजारी आणि प्रवासी माणसाला रोज्यातून सवलत दिली आहे. बरे झाल्यावर रोजे पूर्ण करावेत. आजार कायमचा असेल आणि ते शक्यच नसेल, तर प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालावे. याला फिद्या म्हणतात. अल्लाहने दिलेली ही सवलत घेणे कमीपणाचे नाही.

तरीही अनेक घरांत आजार झाकला जातो. ‘उद्या स्थळ आले तर काय सांगायचे?’ या एका प्रश्नापायी मुलगी इन्सुलिन चोरून घेते किंवा टाळते. नवरात्रात नऊ दिवस उपवास करणाऱ्या मुलींच्या घरीही हीच चिंता असते. तेव्हा शेजारच्या मुलीला ‘तुझा रोजा नाही का?’ किंवा ‘उपवास नाही का?’ असे चारचौघांत विचारू नये. आपल्या लेकीला मात्र एकांतात, मायेने, ‘बाळा, तुला बरं वाटतंय ना?’ असे जरूर विचारावे.