जेराल्ड बोस्टॉकची कविता आणि बारा पानांचं वर्तमानपत्र

१९७१ साली ‘जेथ्रो टल’ या ब्रिटिश बँडचा ‘ॲक्वालंग’ आला आणि समीक्षकांनी त्याला ‘कन्सेप्ट अल्बम’, म्हणजे एकाच कल्पनेभोवती गुंफलेला अल्बम, ठरवून टाकलं. गाणी लिहिणारा, गाणारा आणि बासरी वाजवणारा इयान अँडरसन परोपरीने सांगत होता, की ही सुटी गाणी आहेत. कोणी ऐकेना. तेव्हा त्याने ठरवलं, कन्सेप्ट अल्बमच हवाय ना, मग घ्या!

लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेला ‘थिक ॲज अ ब्रिक’ १९७२च्या मार्चमध्ये आला. तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून एकच गाणं, पाऊण तासाला थोडं कमी. शब्द म्हणे आठ वर्षांच्या जेराल्ड बोस्टॉकचे! हा जेराल्ड अँडरसनच्या डोक्यातून निघालेला. वेष्टन म्हणजे बारा पानांचं ‘सेंट क्लीव्ह क्रॉनिकल’ हे खोटं स्थानिक वर्तमानपत्र. जेराल्डला कवितेसाठी मिळालेलं बक्षीस काढून घेतल्याची पहिल्या पानावर बातमी, आत शब्दकोडं, ठिपके जोडायचं चित्र आणि चक्क याच अल्बमचं परीक्षण. संगीतापेक्षा या अंकालाच जास्त वेळ लागला, असं बँडवाले सांगत. लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांच्या प्रोग्रेसिव्ह रॉकच्या भारदस्तपणाची ही टिंगल अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर गेली!

चाळीस वर्षांनी, २०१२मध्ये, अल्बमची नवी आवृत्ती निघाली. पुनर्प्रकाशनाच्या बाजारात दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. रीमास्टर करताना आधीच तयार असलेल्या स्टिरिओ मिश्रणावर हात फिरवतात : खर्ज थोडा वाढव, आवाजाची पातळी थोडी चढव. आवाज चढवण्याच्या नादात कित्येक जुन्या तबकड्यांमधला हळू-मोठ्याचा फरकच सपाट झाला. रीमिक्ससाठी मात्र मूळ मल्टिट्रॅक टेपकडे जावं लागतं. तिथे प्रत्येक वाद्य वेगळं हाती येतं आणि मिश्रण नव्याने बांधता येतं. २०१२चं काम या दुसऱ्या जातीचं. ते केलं ‘पॉर्क्युपाइन ट्री’ या बँडच्या स्टीव्हन विल्सनने, स्टिरिओत आणि ५.१ सराउंडमध्येही.

फरक ऐकू येतो तो गर्दीच्या जागी. जॉन इव्हनचा हॅमंड ऑर्गन, मार्टिन बारची गिटार आणि त्या वेळी बँडमध्ये नव्याने आलेल्या बॅरिमोर बार्लोचे ड्रम एकदम उसळतात, तेव्हा आता कोणी कोणाला झाकत नाही. बासरीतल्या फुंकरीचा खरखरीतपणा विल्सनने घासून काढलेला नाही, हेही बरं.

पण हा अल्बम नुसता कानाचा नाही. साध्या सीडीच्या पुस्तिकेत ते वर्तमानपत्र आक्रसलं आणि निम्मा विनोद भिंगाखाली गेला. २०१२च्या आवृत्तीने सोबत जाड पुठ्ठ्याचं पुस्तक देऊन ती चूक बरीचशी सुधारली. म्हणून घेणाऱ्याने वेष्टनावर ‘रीमास्टर’ लिहिलंय की ‘रीमिक्स’ हे आधी पाहावं आणि वर्तमानपत्र वाचता येईल एवढ्या आकाराचं असेल, तीच आवृत्ती घ्यावी.