भागून पाहा, मगच भाव धरा

गोंदिया हा भातगिरण्यांचा जिल्हा. धान-तांदळाचा हिशोब येथे लहानथोरांच्या तोंडी असतो. सरकारी धानाच्या भरडाईत एका क्विंटलमागे ६७ किलो साधा (अरवा) तांदूळ धरतात, उकडा (उसना) असल्यास ६८ किलो. म्हणजे ३ क्विंटल धानाला साधा तांदूळ २०१ किलो, ५ क्विंटलला ३३५ आणि ८ क्विंटलला ५३६. तांदळाच्या किलोंना धानाच्या क्विंटलने भागा, दर वेळी ६७ च येतात. या न बदलणाऱ्या आकड्याला स्थिर गुणोत्तर म्हणतात, आणि अशा दोन गोष्टी समप्रमाणात असतात.

तीन आकडे ठाऊक असले की चौथा काढता येतो. मराठी शाळेत हे त्रैराशिक, आम्हा उर्दू शाळेतल्यांसाठी ते 'अरबा मुतनासिबा'. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) ही रीत आहे. त्या ग्रंथाचा फारसी तर्जुमा अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये केला.

परंतु दोन गोष्टी सोबत वाढल्या म्हणजे त्या समप्रमाणातच असतात, असे नाही. दुकानदाराचे नुकसान नेमके येथे होते. समजा, मालवाहतूकवाला बिल्टीचे १०० रुपये ठरलेले घेतो आणि दर गाठीला २०० रुपये. मग १ गाठीला ३०० रुपये पडतात, ५ गाठींना ११०० आणि २० गाठींना ४१००. भागून पाहा: दर गाठीला ३००, २२० आणि २०५. आकडा स्थिर नाही, म्हणून त्रैराशिक येथे चालणार नाही. मोठ्या व्यापाऱ्याकडून '२०५ पडतात' असे ऐकून एकच गाठ मागवणाऱ्याने तोच खर्च धरून भाव लावला, तर गाठीमागे ९५ रुपये त्याच्या नफ्यातून जातात. लहान दुकानदाराला हे परवडत नाही. त्याने ठरलेला खर्च वेगळा लिहावा आणि मग तो आपल्या मालावर वाटावा. दोघातिघांनी मिळून माल एकाच बिल्टीवर मागवला, तर तोच खर्च वाटला जातो.

तिसरा प्रकार व्यस्त प्रमाणाचा. एक वाढले की दुसरे घटते, पण दोघांचा गुणाकार तोच राहतो. ३६ इंच पन्ह्याचे अस्तर ११ मीटर लागत असेल, तर ४४ इंच पन्ह्याचे ९ मीटर पुरते. ३६ गुणिले ११ आणि ४४ गुणिले ९, दोन्ही ३९६. बेतण्यातली कात्रण मात्र वेगळी धरावी. मीटरचा भाव जास्त दिसला तरी रुंद कापड कधी कधी स्वस्त पडते, ते यामुळेच.

आठवीच्या गणितात समचलन आणि व्यस्त चलन म्हणून शिकवतात ते हेच. मुलांना संध्याकाळी दुकानातली बिले द्यावीत आणि एवढेच विचारावे: भागाकार स्थिर आहे की गुणाकार? दोन्ही नसतील, तर ठरलेला खर्च कोठे लपला आहे, ते शोधायला सांगावे. त्यांचे गणितही पक्के होईल आणि आपला हिशोबही.