पिन जुळते, बोली जुळत नाही

दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, आमच्या आळीतला एक तरुण संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला. हातात मोबाइल आणि मोबाइलवर एका प्लगचा फोटो. "काका, ही पिन कुठं मिळेल?" रेडिओ-टेपरेकॉर्डर उघडून बघण्याची माझी जुनी खोड आळीला ठाऊक आहे, त्यामुळे तार, पिन, फ्यूज यांबद्दलचे प्रश्न माझ्याकडे येतात. हा मुलगा दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून प्रयोगशाळेत पोहोचवतो. एका कार्यालयाच्या ताफ्यातून निवृत्त झालेली इलेक्ट्रिक मोटार त्याने लिलावात सव्वादोन लाखांना घेतली होती; त्यातले दीड लाख उसने. गाडी चालत होती, बॅटरीही बऱ्यापैकी होती. पण तिच्या जलद चार्जिंगच्या तोंडात बसेल असा प्लग त्याला शहरभर कुठे सापडत नव्हता. कार्यालयाच्या आवारातले चार्जर गाड्यांबरोबरच काढले गेले होते. आता त्याला कुठूनतरी अठ्ठावीस हजारांचा एक अॅडॉप्टर मिळत होता. "घेऊ का?" एवढेच त्याला विचारायचे होते.

मी म्हणालो, "दोन दिवस थांब." प्रत्यक्षात तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत जे वाचले, उघडून पाहिले आणि जाणकारांना विचारून घेतले, त्याचा हा लेख.

कुर्डुवाडीचा धडा

प्रश्न पिनेचा असला तरी मला आधी आठवले ते कुर्डुवाडी स्टेशन. 1897 मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. तिच्या दोन रुळांमधले अंतर अडीच फूट, आणि शेजारच्या मुख्य लोहमार्गाचे साडेपाच फूट. पुढे ही छोटी गाडी पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. स्वस्तात रूळ टाकता आले, रेल्वे नसलेल्या मुलखात रेल्वे पोहोचली, हा तिचा मोठा गुण. पण कुर्डुवाडीला आल्यावर माणसांना गाडी बदलावी लागे आणि मालाची पोती एका डब्यातून दुसऱ्या डब्यात वाहावी लागत. दोन मापांमधला अॅडॉप्टर म्हणजे हमालाची पाठ. सगळा मार्ग एका मापाचा व्हायला शंभर वर्षांहून अधिक काळ गेला.

माप ठरवणारा एक असतो आणि ओझे वाहणारा दुसरा, ही गोष्ट विजेच्या गाड्यांच्या बाबतीतही तशीच घडली आहे.

एका गाडीला इतकी तोंडे कशी?

विजेची गाडी दोन प्रकारे भरता येते. घरातली वीज प्रत्यावर्ती, म्हणजे एसी. बॅटरीला लागते ती एकदिश, म्हणजे डीसी. घरी चार्जिंग करताना हा बदल गाडीच्या पोटातले छोटे यंत्र करते, म्हणून वेळ लागतो. महामार्गावरच्या जलद चार्जरमध्ये हे यंत्र बाहेर, कपाटाएवढे असते आणि ते डीसी वीज थेट बॅटरीत उतरवते. दोन कामांसाठी दोन वेगळी तोंडे लागतात, आणि प्रत्येक देशाने ती आपापल्या सोयीने घडवली.

जपानने 2010 मध्ये 'शाडेमो' पुढे आणले. या नावात 'चहा तरी घेणार का?' अशा अर्थाच्या जपानी वाक्यावर श्लेष आहे: गाडी भरेपर्यंत चहा घ्या. जर्मनीच्या मेनेकेस कंपनीचा सात छिद्रांचा प्लग 'टाइप 2' म्हणून युरोपभर रुजला. त्याच्याच खाली डीसीसाठी दोन जाड पिना जोडून 'सीसीएस 2' हे जोडतोंड तयार झाले. अमेरिकेने पाच पिनांच्या 'टाइप 1'खाली अशाच दोन पिना जोडल्या. चीनने स्वतःचे 'जीबी/टी' मानक केले. त्याचा एसी प्लग टाइप 2 चा जुळा भाऊ दिसतो, पण नर-मादीची अदलाबदल आहे; जिथे एकाला छिद्र तिथे दुसऱ्याला पिन. लांबून पाहणाऱ्याला वाटते बसेल, जवळ नेल्यावर कळते की नाही.

आपण काय निवडले?

भारतात 2017 मध्ये 'भारत एसी-001' आणि 'भारत डीसी-001' ही चार्जरची दोन विनिर्देशने आली. एसीसाठी कारखान्यांत दिसतो तो निळा औद्योगिक प्लग, तीन गाड्यांना प्रत्येकी 3.3 किलोवॉट. डीसीसाठी चिनी जीबी/टी जोडणी आणि कमाल 15 किलोवॉट. आज 15 किलोवॉट हा आकडा किरकोळ वाटतो, पण तेव्हाच्या देशी गाड्या 48 किंवा 72 व्होल्टच्या होत्या आणि बॅटऱ्याही लहान. आपल्याजवळ आहे त्या गाडीसाठी, आपल्याला परवडेल असा चार्जर, हा विचार गैर नव्हता. बार्शी लाइटचा विचारही तोच होता. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या ईईएसएल या कंपनीने दहा हजार विद्युत मोटारींची निविदा काढली आणि मे महिन्यात नागपुरात विजेवरच्या टॅक्सींचा प्रयोग सुरू झाला. पहिली गिऱ्हाइके ही अशी होती: सरकारी कार्यालये आणि टॅक्सीवाले.

मग वारा फिरला. डिसेंबर 2018 मध्ये ऊर्जा मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यांत प्रत्येक सार्वजनिक केंद्रावर पाच प्रकारचे चार्जर असावेत, असे होते: सीसीएस, शाडेमो, टाइप 2, डीसी-001 आणि एसी-001. एका दुकानात पाच तराजू ठेवण्यासारखे ते होते; भांडवल पाचपट, गिऱ्हाईक एखाददुसरे. ऑक्टोबर 2019 मध्ये ही अट सैल झाली आणि कोणते चार्जर ठेवायचे ते केंद्रचालकावर सोपवले गेले. नेमक्या त्याच सुमारास, 2019 च्या मध्यापासून 2020 च्या आरंभापर्यंत, जास्त व्होल्टेजच्या नव्या मोटारी बाजारात आल्या आणि त्या सगळ्या सीसीएस 2 घेऊन आल्या. केंद्रचालकांनी साहजिकच तोच प्लग निवडला. कोणी कट केला नाही, कोणी बंदी घातली नाही. आमच्या तरुणाच्या गाडीचे तोंड केवळ दोन-तीन वर्षांत जुने झाले.

प्लगमधला संवाद

आता अॅडॉप्टरकडे येऊ. आपल्या मनात अॅडॉप्टर म्हणजे परदेशी चार्जरला लावायची पन्नास रुपयांची वस्तू. तिथे प्रश्न फक्त आकाराचा असतो. गाडीच्या प्लगमध्ये मात्र जाड पिनांच्या शेजारी एक-दोन बारीक पिना असतात, आणि खरा कारभार त्या चालवतात.

टाइप 2 मधली अशी एक पिन घ्या. चार्जर तिच्यावर बारा व्होल्टचा दाब ठेवून वाट पाहतो. प्लग गाडीत बसला की गाडीतल्या रोधामुळे तो दाब नऊवर येतो. चार्जरला कळते, कोणीतरी आले. मग चार्जर सेकंदाला हजार ठोके देऊ लागतो. प्रत्येक ठोक्याची रुंदी हाच निरोप असतो. ठोका दहा टक्के रुंद असेल तर अर्थ 'सहा अँपिअरपेक्षा जास्त ओढू नकोस', सत्तावीस टक्क्यांच्या आसपास असेल तर 'सोळापर्यंत चालेल'. गाडी तयार झाली की दाब सहा व्होल्टवर आणते, आणि त्यानंतरच जाड पिनांत वीज सोडली जाते. म्हणून चार्जरला लोंबणारा मोकळा प्लग निर्जीव असतो. सुट्या केबलमध्येही एक छोटा रोध दडलेला असतो. ही तार वीस अँपिअरची की बत्तीसची, हे तो सांगतो. साधेपणात इतकी हुशारी मी फार थोड्या वस्तूंत पाहिली आहे.

डीसीच्या वेळी बोलणी जास्त लांबतात, कारण तिथे दोनशे-तीनशे अँपिअरचा मामला असतो. आधी प्लगला कुलूप लागते. मग तारांचे आवरण कुठे फुटके नाही ना, याची तपासणी. मग चार्जर आपला दाब बॅटरीच्या दाबाशी जुळवून घेतो, आणि ठिणगी न उडता दोन्ही बाजूंचे दरवाजे उघडतात. त्यानंतरही गाडी सतत सांगत राहते: एवढे दे, आता कमी कर, आता थांब. ही बोलणी सीसीएसमध्ये त्याच बारीक तारेवर, ठोक्यांवर स्वार झालेल्या वेगवान संकेतांनी होतात. शाडेमो आणि जीबी/टीमध्ये वेगळ्या दोन तारांवर, मोटारींच्या आत वापरल्या जाणाऱ्या 'कॅन' पद्धतीने होतात. त्या दोघांचेही शब्द पुन्हा एकमेकांना कळत नाहीत. आकार बदलून देणारा तुकडा इथे मुका ठरतो. मध्ये दुभाषा लागतो, म्हणजे छोटा संगणकच.

अमेरिकेतले उदाहरण बोलके आहे. टेस्लाने आपला प्लग 2022 च्या नोव्हेंबरात इतरांसाठी खुला केला आणि पुढच्या वर्षी फोर्डसह अनेक कंपन्यांनी तो स्वीकारला. जुन्या सीसीएस गाड्यांना टेस्लाच्या नव्या चार्जरवर भरण्यासाठी जो अॅडॉप्टर मिळतो, तो जवळजवळ बिनडोक असतो. जाड पिना इकडून तिकडे नेतो, एवढेच. कारण त्या चार्जरना आता सीसीएसची भाषा येते. शाडेमो गाडी सीसीएस चार्जरला लावायची तर मात्र दुभाष्या संगणकाचा डबा मध्ये लागतो. भाषा एक असेल तर आकाराची अडचण तुलनेने स्वस्तात सुटते.

आमच्या तरुणाला मिळत होता तो असाच दुभाष्याचा डबा होता. तरीही मी 'नको' म्हणालो, कारण भाषेच्याही खाली एक पायरी असते: दाब. त्याची गाडी 72 व्होल्टची. महामार्गावरचे सीसीएस चार्जर साधारण दीडशे-दोनशे व्होल्टच्या खाली उतरतच नाहीत. ते बनले आहेत तीनशे-चारशे आणि त्याहून अधिक दाबाच्या गाड्यांसाठी. दुभाषा कितीही हुशार असो, चार्जर जे देऊच शकत नाही ते तो मागून काय उपयोग?

हिशेबाची वही

आकार, दाब आणि भाषा जुळूनही काम अडते, याचा अनुभव मला मागच्या हिवाळ्यात आला. मित्राच्या नव्या मोटारीतून कोल्हापूरला जात होतो. चार्जर मोकळा होता, प्लग बसला, पण त्या केंद्राचे अॅप फोनमध्ये नव्हते. ते उतरवायचे, नाव नोंदवायचे, पाकिटात आगाऊ पैसे भरायचे, आणि ओटीपी यायला रेंज नव्हती. पाऊण तास गेला. मित्राच्या फोनमध्ये अशी सहा अॅप आहेत आणि प्रत्येकात शे-दीडशे रुपये अडकलेले आहेत.

चार्जर आणि त्याच्या कंपनीचा संगणक यांच्यातल्या संभाषणासाठी 'ओसीपीपी' नावाचे खुले मानक आहे. नेदरलँड्समध्ये जन्मलेले हे मानक आता जगभर चालते. त्यामुळे केंद्रचालक वेगवेगळ्या कारखान्यांचे चार्जर एका संगणकावरून चालवू शकतो. पण एका कंपनीचा ग्राहक दुसरीने ओळखावा, ही सोय त्यातून आपोआप होत नाही. त्यासाठी कंपन्यांनी आपसांत करार करून हिशेब जुळवावे लागतात. यूपीआयमध्ये भाजीवालीचा कागद कोणत्या बँकेचा आहे, हे आपण विचारत नाही. ते साधले कारण बँकांना एका वहीत आणले गेले. चार्जिंगमध्ये ती वही अजून सर्वांची झालेली नाही.

पुढची पोती कोणाच्या पाठीवर?

मोटारींपुरता आकाराचा तंटा आपल्याकडे बहुतांशी मिटला आहे. पण आपल्या रस्त्यावरची खरी गर्दी दुचाकी आणि तीनचाकींची. 2024 मध्ये जाहीर झालेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत सार्वजनिक चार्जिंगसाठी 2,000 कोटी रुपये ठेवले आहेत. त्यात 22,100 जलद चार्जर चारचाकींसाठी, 1,800 बसगाड्यांसाठी आणि तब्बल 48,400 दुचाकी-तीनचाकींसाठी आहेत. या हलक्या गाड्यांची तोंडे मात्र कंपनीगणिक वेगळी आहेत. 2023 मध्ये भारतीय मानक ब्युरोने एसी आणि डीसी दोन्ही चालेल अशा, भारतात घडलेल्या जोडतोंडाला मानकाचा दर्जा दिला. ते एथर कंपनीच्या आराखड्यातून आले आहे आणि हीरोच्या विडा स्कूटरनेही ते घेतले. ही चांगली सुरुवात आहे. पण मानक छापणे आणि सगळ्यांनी ते पाळणे यांत अंतर असते, आणि त्या अंतरात ज्यांच्या गाड्या विकल्या जातील, ते बहुतेक रिक्षावाले आणि सामान पोहोचवणारी पोरे असतील. त्यांना गाडी बदलणे परवडत नाही.

जुनी विजेची गाडी घेणाऱ्याने बॅटरीइतकेच तीन गोष्टींकडे पाहावे, असे मी आता सांगतो: जलद चार्जिंगचे तोंड कोणते, बॅटरी किती व्होल्टची, आणि तुमच्या रोजच्या वाटेवर त्या दोन्हींना चालणारे केंद्र आज चालू आहे का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्वतः तिथे जाऊनच घ्यावे.

आमच्या तरुणाने अॅडॉप्टर घेतला नाही. मी त्याला संथ चार्जिंगच्या वाटेवर नेले. घरी पंधरा अँपिअरचा नवा सॉकेट बसवला, अर्थिंग तपासून घेतले. प्रयोगशाळेच्या मालकांशी बोलून त्यांच्या वाहनतळातही एक सॉकेट मिळवला; महिन्याच्या युनिटांचे पैसे तो वेगळे देतो. दुपारी नमुने उतरवून जेवेपर्यंत आणि पुढच्या फेरीची वेळ होईपर्यंत अडीच-तीन तास गाडी तिथे उभी असते. रोजचे सत्तर-ऐंशी किलोमीटर त्यात भागतात. उसने घेतलेल्यातले ऐंशी हजार फिटले आहेत. जलद चार्जिंगच्या तोंडावरचे झाकण मात्र त्याने चिकटपट्टीने बंद करून टाकले आहे, पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून.