पत्र्याच्या गावाचा रग्बी क्लब



ग्रेट ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स नावाचा एक डोंगराळ मुलूख आहे. आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या पंधराव्या हिश्शाएवढा, आणि वस्ती जेमतेम तीस-एकतीस लाखांची. ह्या मुलखाच्या दक्षिण किनाऱ्यावर लानेली नावाचे गाव आहे. तिथल्या रग्बी क्लबाची हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे. हा क्लब सव्वाशे वर्षे हौशी राहिला. म्हणजे खेळणाऱ्याने खेळाचा पगार घ्यायचा नाही, असा तिथे कडक दंडक होता. ह्या दंडकाने गावाला काय दिले आणि गावातल्या गरिबाकडून काय घेतले, हे दोन्ही पाहण्यासारखे आहे.

पण आधी खेळाची थोडी ओळख हवी. रग्बीत दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा गडी असतात. चेंडू लंबगोल, साधारण असोल्या नारळाच्या घाटाचा. तो हातांत धरून धावत सुटायचे आणि समोरच्या हद्दीच्या रेघेपलीकडे जमिनीला टेकवायचा. ह्याला ‘ट्राय’ म्हणतात. प्रतिपक्षाचे गडी कमरेला मिठी घालून धावणाऱ्याला आडवा करतात. आपल्या कबड्डीतल्या पकडीचीच ही थोरली बहीण म्हणा ना! गंमत अशी, की हाताने चेंडू फेकायचा तो बाजूला किंवा मागे, पुढे कधीही नाही. पायाने पुढे मारता येतो. पण हाताने द्यायचा तर मागून येणाऱ्या सोबत्यालाच. म्हणजे पुढे जायचे ते मागच्यांच्या भरवशावर. हा नियम ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता लानेलीकडे वळू. एकोणिसाव्या शतकात हे गाव पत्र्यासाठी जगभर गाजले. लोखंडी पत्र्याला कथलाचा मुलामा द्यायचा, की तो गंजत नाही. तेला-तुपाचे डबे होतात ते ह्याच पत्र्याचे. ह्या धंद्यावरून गावाला ‘टिनोपोलिस’, म्हणजे कथलाची नगरी, असे टोपणनाव पडले. आसपास कोळशाच्या खाणी होत्या. गावात पातेलीही बनत. आणि म्हणूनच ‘सोस्पान फाख’ म्हणजे ‘लहानगे पातेले’ हे वेल्श भाषेतले गमतीचे गाणे क्लबाचे गाणे होऊन बसले. मैदानावरच्या गोलाच्या खांबांच्या टोकांवर हे लोक लाल रंगाची पातेली लावत! हसू येते खरे. पण गावाने आपले रोजचे भांडे निशाणासारखे उंच चढवले, ह्यात गावाचे मन दिसते.

क्लब आपला जन्म 1872 सालचा मानतो. योगायोग पाहा, त्याच वर्षी नाताळच्या दिवशी आपल्या कलकत्त्यात तिथल्या साहेबलोकांनी रग्बीचा मोठा सामना केला आणि लगोलग तिथेही क्लब निघाला. पण तो पाच-सहा वर्षांतच मोडला. सभासद टेनिस-पोलोकडे वळले. बँकेत उरलेले चांदीचे रुपये काढून वितळवले आणि त्यांचा एक सुंदर चषक घडवून 1878 साली इंग्लंडला धाडला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही ह्या ‘कलकत्ता चषका’साठी झुंजतात. चषक उरला, क्लब मात्र गेला. लानेलीचा क्लब टिकला, ह्याचे कारण उघड आहे. वेल्समध्ये हा खेळ आणला तो कॉलेजात शिकलेल्या वरच्या थरातल्या तरुणांनीच. पण तो त्यांच्यापाशी राहिला नाही. खाणकामगार, पत्रा-कामगार, शाळामास्तर आणि डॉक्टर एका संघात खांद्याला खांदा लावू लागले. खेळ गावाचा झाला.

असा क्लब चालतो कसा? समिती सभासदांतून निवडायची. चिटणीस आणि खजिनदार बिनपगारी. आठवड्यात दोन संध्याकाळी, कामाची पाळी संपल्यावर, सराव; शनिवारी सामना. सामना झाला की दोन्ही संघ एकत्र जेवणार, गाणी म्हणणार. तिकिटाचे पैसे मैदान, प्रवास आणि कपडे ह्यांवर खर्च व्हायचे. खेळाडूला मान मिळायचा, मजुरी नाही.

इथेच खरी मेख आहे. ज्याच्या घरी सुबत्ता आहे त्याला फुकट खेळणे जड नाही. पण रोजंदारीवरच्या कामगाराने सामन्यासाठी काम बुडवले तर चूल कशी पेटणार? उत्तर इंग्लंडातल्या क्लबांनी हाच प्रश्न विचारला. निदान बुडालेली मजुरी तरी भरून द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. ते नाकारले गेले. तेव्हा ऑगस्ट 1895 मध्ये हडर्सफील्ड येथे जमून बावीस क्लब वेगळे झाले. त्यातून पुढे तेरा गड्यांचा ‘रग्बी लीग’ हा पैसे देणारा खेळ उभा राहिला. वेल्स मात्र हौशी बाजूलाच राहिला.

मग काय होई? वेल्समध्ये चांगला गडी तयार झाला, की उत्तरेचे क्लब पैशाची थैली घेऊन दाराशी येत. लानेलीचा लुईस जोन्स 1952 साली लीड्सला गेला तो सहा हजार पौंडांना. तेव्हाच्या दराने हे ऐंशी हजार रुपये झाले! पण एकदा तिकडे गेला, की परतीचा दोर कापलेला. हौशी क्लबात त्याने पुन्हा खेळायचे नाही, कोणाला शिकवायचे नाही, समितीवर बसायचे नाही. ज्या गावाने खांद्यावर घेऊन मिरवले, त्याच गावाच्या मैदानात तो परका. 1989 साली लानेलीचाच जोनाथन डेव्हिस विड्नेसला गेला, तेव्हाही हाच दंडक लागू होता.

असे असूनही जे मागे राहिले, त्यांनी काय करून दाखवले ते ऐका. शिक्षक बंधुभगिनींनी तर हे मुद्दाम ऐकावे. कार्विन जेम्स हा एका खाणकामगाराचा मुलगा. पेशाने वेल्श भाषेचा अध्यापक. आधी शाळेत, मग कार्मार्थनच्या ट्रिनिटी कॉलेजात. मातृभाषेवर आणि तिच्यातल्या साहित्यावर त्याचा फार जीव. 1971 साली ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक संघाने न्यूझीलंडमध्ये जाऊन तिथल्या अजिंक्य मानलेल्या संघाविरुद्ध मालिका जिंकली, तेव्हा त्या संघाचा प्रशिक्षक हाच होता. त्याची रीत अशी, की खेळाडूला हुकूम सोडायचे नाहीत, त्याला विचार करायला लावायचे. चांगला मास्तर वर्गात दुसरे काय करतो?

हाच जेम्स लानेलीचाही प्रशिक्षक होता. क्लबाच्या शताब्दीच्या हंगामात, 31 ऑक्टोबर 1972 रोजी, न्यूझीलंडचा संघ लानेलीला आला. वार मंगळवार, म्हणजे कामाचा दिवस. तरी स्ट्रॅडी पार्कवर वीस हजारांवर माणूस लोटला. लानेलीचा कर्णधार डेल्म थॉमस हा वीजपुरवठा मंडळातला कामगार. देशाकडून खेळण्याचे सारे मान आपण मिळवले, पण आजच्या एका विजयासाठी ते सगळे सोडून देईन, अशा अर्थाचे तो सोबत्यांशी बोलला, आणि धिप्पाड गड्यांच्या डोळ्यांत पाणी आले. खेळ सुरू होऊन थोडाच वेळ गेला असेल. फिल बेनेटने मारलेला चेंडू आडव्या दांडीवर आपटून परत आला. न्यूझीलंडच्या गड्याने तो दूर टोलवायला पाय उचलला, तोच रॉय बर्जियर्सने झेप घेऊन तो अडवला आणि रेघेपलीकडे टेकवला. ट्रायचे तेव्हा चार गुण. बेनेटच्या टोल्याचे दोन. पुढे पाहुण्यांनी तीन मिळवले, पण अँडी हिलने लांबून मारलेल्या टोल्याने आणखी तीन आणले. लानेली नऊ, न्यूझीलंड तीन! एका गावाच्या बिनपगारी संघाने जगातल्या बलाढ्य संघाला हरवले होते. त्या रात्री गावच्या गुत्त्यांतली बियर संपली, अशी आठवण लोक अजून सांगतात.

ऑगस्ट 1995 मध्ये जागतिक रग्बी मंडळाने हौशीपणाचा दंडक उठवला. जोनाथन डेव्हिस त्याच वर्षी वेल्सच्या जुन्या खेळात उजळ माथ्याने परतला. अन्याय संपला, हे चांगलेच झाले. पण पगार आले तसा खर्चही आला, आणि एका गावाच्या तिकिटांवर तो झेपेना. 2003 साली वेल्समध्ये प्रांतवार व्यावसायिक संघ झाले. लानेलीचा ‘स्कार्लेट्स’ हा त्यांतला एक. जुना क्लब त्याच्या खालच्या पायरीवर राहिला. 2008 साली स्ट्रॅडी पार्क सोडून सारे नव्या मैदानावर गेले. फेलिनफोएल, ट्रिमसारान अशा आसपासच्या खेड्यांतले छोटे क्लब मात्र आजही हौसेवर चालतात. बेनेट आणि डेव्हिससारखे गडी ह्या खेड्यांनीच दिले.

तेव्हा ‘हौशी’ हा शब्द मोठ्या अभिमानाचा आहे, पण त्याची किंमत कोण मोजतो हे पाहिले पाहिजे. रग्बीचा तो नियम आठवा: पुढे धावणारा मागच्यांच्या भरवशावर धावतो. तुमच्याही गावात तालीम असेल, कबड्डीचे मंडळ असेल, भजनाचा फड असेल. त्यातल्या कोणाची मजुरी बुडते, कोणाचे जोडे फाटले आहेत, कोण घरच्या अडचणीमुळे सरावाला यायचा बंद झाला, हे एकदा मंडळाच्या बैठकीत विचारून पाहा. हौस सर्वांची असेल, तर तिचा भारही सर्वांनी मिळून उचलायला हवा.