अपात्र ठरलेले सारेच लबाड का?

'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेतील २६.३४ लाख लाभार्थींचे दरमहा १,५०० रुपये जून २०२५ पासून स्थगित झाले. काही पुरुषांनीही अर्ज केल्याचे मंत्री अदिती तटकरे यांनी जुलैत सांगितले. ही लबाडीच, पण साऱ्यांना त्याच मापाने मोजता येत नाही. २०२४ मध्ये अर्ज मुख्यतः हमीपत्रावर स्वीकारले गेले. इतर योजनांच्या, वाहनांच्या नोंदी निरनिराळ्या विभागांच्या संगणकांत होत्या. त्यांच्याशी ताळमेळ घातला गेला तो पैसे वाटल्यावर.

भिवंडीतील एखाद्या यंत्रमाग कामगाराचे घर घ्या. तीन जावांच्या चुली वेगळ्या, शिधापत्रिका मात्र सासऱ्यांच्या नावे एकच. कुटुंबात दोनच लाभार्थी चालत असल्याने संगणकाला तिसरी जाऊ जादा दिसणार. विभक्त चुलीची नोंद त्याच्याकडे नसते. म्हणूनच ऑगस्टमध्ये घरोघरी पडताळणी सुरू करावी लागली.